नरांच्या टाकीतलं अंडं

अंडं तळहातावर आलं तेव्हा ताईचं लक्ष भलतीकडेच होतं. करार संपायला थोडेच महिने उरले होते, पुढे काय, हा रोजचा किडा सकाळपासून डोक्यात वळवळत होता, आणि हात आपले आपण काम करत होते. जाळी बुडवायची, मासा उचलायचा, लवंगेच्या तेलाच्या पाण्यात तो गुंगेपर्यंत ठेवायचा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डाव्या हातावर आडवा घ्यायचा आणि उजव्या अंगठ्याने छातीच्या परापासून शेपटीकडे पोट हलकेच दाबत न्यायचं. ठिपकेवाल्या माद्यांची पोटं दर आठवड्याला अशी बघावी लागत, अंडी पिकली की नाही ते कळायला. अंगठा खाली आला आणि मोहरी फेसल्यावर येतो तसल्या रंगाचं एक अंडं घरंगळत तळहातावर येऊन बसलं, मागोमाग दुसरं. ‘पिकली,’ असं पुटपुटत ताई माशाला परत सोडायला वळली आणि तेव्हा कुठे तिला टाकीवरचा पिवळा पट्टा दिसला. ती शेजारच्या टाकीत जाळी घालून बसली होती. पिवळा पट्टा म्हणजे संकरित मासे, ठिपकेवाली आई आणि निळा बाप यांची मुलं. आणि ती मुलं म्हणजे नर, सगळेच्या सगळे. या प्रयोगशाळेत ताई आली त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच होतं.

तिने मासा परत सोडला नाही. बादलीत सोडला, बादलीवर झाकण ठेवलं, झाकणावर आपली पाण्याची बाटली ठेवली आणि मग बाटली पुरणार नाही असं वाटून शेजारचं स्टूल आणून त्याचा एक पाय त्यावर टेकवला. अंडी काचेच्या बशीत. हात असे स्थिर झाले होते की तिला ते आपले वाटेनात. हवेचे पंप सगळ्या टाक्यांमधून गुरगुरत होते, नेहमीसारखेच, पण आज त्यांचा आवाज छातीच्या आतून येत असल्यासारखा वाटला. ताईला एकदम हसू आलं. किती वर्षं आपण या पोरांच्या नावापुढे नर लिहीत आलो आणि एकदाही कुणाचं पोट दाबून बघितलं नाही! बघायचं कशाला? पिल्लं बोटाएवढी झाली की त्यातली मूठभर कापून तपासायची, सगळी नर निघायची, उरलेली वाढीच्या प्रयोगाला. नराचं पोट दाबणं म्हणजे पोस्टाच्या पेटीला दूध येतं का बघणं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचा तर नियमच होता की संकरितांना उगाच हाताळायचं नाही, बिचारे बिथरतात. आणि आज करार, पुढचं घरभाडं, आईच्या गुडघ्याची तारीख असा सगळा गुंता डोक्यात घेऊन एक बाई चुकीच्या टाकीत जाळी घालते, आणि जिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता ती गोष्ट तळहातावर अंडी घालते.

पण हे हसू फार वेळ टिकलं नाही. त्याच्या पाठोपाठ जुनी, ओळखीची धास्ती आली. ताईला उत्साहाची भीती वाटायची. इतरांना उंचीची वाटते, पालीची वाटते, तशी हिला छातीत असं काही फुलायला लागलं की वाटायची, कारण ते फुलणं तिने लहानपणी फार जवळून पाहिलं होतं आणि त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं. बाबा घड्याळांच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी जिने चढताना त्यांच्या पावलांवरूनच कळायचं. एरवी ते दमून, एकेक पायरी मोजत यायचे, पण कधी कधी दोन-दोन पायऱ्या घेत यायचे आणि दारातच, बूट न काढता, ‘ऐका, ऐका, ऐका’ म्हणत सुरू व्हायचे. नळीची दुर्बीण. पाण्यावर चालणारं घड्याळ. शेजारपाजारच्या भिंतींतून जाणारी तार आणि त्या तारेवरून बोलायचा डबा. त्या रात्री घरात कुणाला भूक लागायची नाही. बाबा जमिनीवर आकृत्या काढायचे, ताई शेजारी पोटावर झोपून बघायची, आणि जग एवढं सोपं, एवढं आपल्यासाठी उघडं आहे असं तिला त्यानंतर कधीच वाटलं नाही. महिनाभरात ती नळी कपाटामागे जायची. मग तो डबा. आईचं घर म्हणजे अर्धवट वस्तूंचं संग्रहालय झालं होतं आणि आई त्या वस्तूंवरची धूळ अगदी सारख्या निष्ठेने पुसायची.

नातेवाईकांना मुलं वाटून घ्यायची फार हौस असते. पोरीचं नाक आईचं, कान बाबांचे, भूक आजोळची, झोप आत्याची. सगळं वाटून झालं की शेवटी स्वभाव उरायचा, आणि तो एकमताने बाबांच्या खात्यावर जायचा. मामा तर तिच्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणायचा, ‘बापावर गेलीय ही. सुरुवात झोकात करील, बघत राहा.’ पुढचं वाक्य तो बोलायचा नाही. ते न बोललेलं वाक्य ताईने आपल्याबरोबर शाळेत नेलं, कॉलेजात नेलं, आणि शेवटी या माशांच्या खोलीत आणून ठेवलं. तिने विषयसुद्धा निवडला तो असा की त्यात कुणाला उत्साह यायचं कारण नाही. नर का होतो, मादी का होते, ते ठरवणाऱ्या जनुकांवरच्या खुणा. कुणी घरी विचारलं तर ती सांगायची, जनुक ही एक लिहिलेली ओळ समजा. ती बदलत नाही. पण तिच्यावर कुणी बोट ठेवलं तर ती वाचता येत नाही. आम्ही ती बोटं शोधतो. एवढं सांगून झालं की समोरचा माणूस घाईने चहाचं विचारायचा.

संकरितांमध्ये या बोटांचा घोळच असतो. आईकडची शिस्त एक, बापाकडची दुसरी, कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं आणि कोणती मोकळी सोडायची यावर दोन घरांचं जमत नाही. बापाकडून नर होण्याची ओळ तर प्रत्येकाला येतेच, आणि मादी घडवणारी ओळ, जी खरं म्हणजे प्रत्येक माशात शाबूत असते, तिच्यावर या पोरांमध्ये सगळी बोटं मिळून बसतात. निदान ताई तसं मानत आली होती. आता बादलीवरच्या स्टुलाकडे बघताना तिची नजर भिंतीकडे गेली. ही कोपऱ्यातली टाकी. हिच्या बरोबर वर थंड हवेचं तोंड होतं, आणि हिवाळा असो उन्हाळा असो, हीटर कितीही लावा, या टाकीचं पाणी बाकीच्यांपेक्षा थंडच राहायचं. त्यामुळे जास्तीची, कुणाला नको असलेली पिल्लं इथे टाकायची पद्धत. तपासायला कधी कुणी यातलं पिल्लू घेतलं नव्हतं. नको असलेल्यांची कशाला तपासणी? कोवळ्या वयात, जेव्हा सगळं ठरायचं असतं तेव्हा, ही पोरं गारठ्यात होती. आणि त्यातल्या एकात, थंडीने म्हणा, कशाने म्हणा, बोटं बसलीच नाहीत. ओळ उघडी राहिली. आणि शरीराने ती वाचली. ताई उभी होती ती खाली बसली, फरशीवर, ओल्या फरशीवर, पाठ टाकीला लावून. गार काच पाठीला लागली आणि अंगावर काटा आला तो गारव्याचा नव्हता.

‘ऊठ, कपडे भिजतील,’ दारातून टक्केवाला म्हणाला. हा आकडेमोडीचा माणूस. सगळ्यांचे निष्कर्ष याच्या हाताखालून जायचे आणि बहुतेक तिथेच मरायचे, म्हणून हे नाव. ताईने त्याला बशी दाखवली आणि कुठून आली ते सांगितलं. त्याने चष्मा वर केला, बशीत पाहिलं, चष्मा खाली केला.

‘एक मासा,’ तो म्हणाला.

‘एक.’

‘एकाची सरासरी काय काढू मी?’

‘सरासरी कोण मागतंय तुझ्याकडे? बघ तर खरं!’

‘बघितलं. शेजारच्या टाकीतली मादी उडी मारून आली असेल. नाहीतर कुणीतरी साफ करताना जाळीतून इकडची तिकडे टाकली असेल. तू स्वतःच आज भलत्या टाकीत हात घातलास की नाही?’

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ताईला त्याचा भयंकर राग आला. पण राग आला तरी उपाय एकच. तिने बादली उघडली, माशाच्या शेपटीच्या पराची नखाएवढी कड कापली, त्याला कळलंही नसेल, आणि ती कड घेऊन वरच्या खोलीत गेली. तुकडा विरघळवायचा, त्यातला डीएनएचा धागा काढायचा, यंत्रात टाकून त्याच्या हजारो प्रती काढायच्या, मग त्या प्रती जेलीच्या पाटीतून विजेने पळवायच्या. आई ठिपकेवाली असेल तर एक पट्टी. बाप निळा असेल तर दुसरी, जरा खाली. नराची खूण असेल तर अगदी तळाशी तिसरी. साधं काम, शिकाऊ मुलंही करतात. फक्त वेळ लागतो, आणि वेळ तर आज नेमका नव्हता, कारण पिकलेली अंडी पोटात काही तासच चांगली राहतात. मग ती नासतात, आणि पोटात काय होतं याची कुणालाच कधी खात्री देता येत नाही.

यंत्र घुमत राहिलं आणि ताई त्याच्यासमोर बसून राहिली. काहीतरी खावं असं मनात आलं आणि विसरलं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या झोडपत होतं, प्रत्येक फटक्याचा आवाज गादीवर काठी पडल्यानंतर जरा उशिरा यायचा, आणि त्या उशिरातसुद्धा तिला काहीतरी मजेदार वाटत होतं. आज सगळंच मजेदार वाटत होतं. आपले हात, हातांना येणारा लवंगेचा वास, टेबलावरचा चहाचा गोल डाग. तिने स्वतःला दटावलं. माणसाला माशाचा दाखला देऊ नये, हे ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची, आणि आता ती स्वतः काय करत होती? मामाचं ते वाक्य. कुणावर गेली, म्हणजे काय गेलं नेमकं? बाबांकडून ओळ आली असेल, मान्य. पण तिच्यावर बोट कुणी ठेवलं? मामाने? की तिने स्वतःच, इतकी वर्षं, दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं? तिला ते बरोबर वाटलं आणि मग लगेच स्वस्तातलं वाटलं, व्याख्यानाच्या शेवटी टाळीसाठी म्हणतात तसं. पुरे, असं ती मोठ्याने म्हणाली. यंत्राने टिंग केलं.

जेलीच्या पाटीवर निळसर दिवा लागला तेव्हा टक्केवाला तिच्या मागे येऊन उभा होता. कधी आला ते तिला कळलं नाही. ठिपकेवालीची पट्टी होती. निळ्याची होती. आणि तळाशी, जाड, ठसठशीत, नाकारायला काही जागाच न ठेवता, तिसरी.

‘संकरित आहे,’ टक्केवाला म्हणाला.

‘हो.’

‘नर आहे.’

‘हो!’

‘आणि अंडी देतोय.’

ताईने नुसती मान हलवली. बोलली असती तर किंचाळली असती.

‘माझ्याकडे याच्यासाठी रकानाच नाही गं,’ तो म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू झालेला तिने कधी ऐकला नव्हता. मग तो खुर्ची ओढून पाटीसमोर बसला.

सरांना फोन लागला तेव्हा ते कुठल्याशा विमानतळावर होते. मागे घोषणा चालू होत्या. ताईने सगळं एका दमात सांगितलं. ‘परत सांग,’ सर म्हणाले. तिने परत सांगितलं. मग ते जे बोलू लागले ते वेगाने, आज्ञा दिल्यासारखं. आत्ताच्या आत्ता काप. अंडाशय अख्खं, भरलेलं, जसंच्या तसं काढ आणि गोठवायला द्रव नायट्रोजनमध्ये टाक. एक मिनिट घालवू नकोस. त्यावरच्या खुणा वाचल्या की आपलं म्हणणं सिद्ध. तिकडच्या प्रयोगशाळेतले लोकही याच मागावर आहेत, माहीत आहे ना तुला?

‘सर, पण अंडी पिकलेली आहेत. फळतात का ते बघायचं नाही?’

‘ते नंतर.’

‘नंतर कसं? कापल्यावर काय फळणार?’

‘अगं, अंडी फळली नाहीत तर तुझ्या हातात काय राहील? पिळून रिकामं झालेलं अंडाशय. त्यात पेशींचं प्रमाणच बदलतं, त्याच्या खुणांवर कोण विश्वास ठेवील? अशा माशाचं पोट पुन्हा भरेल याची कुणी हमी दिलीय? कापलंस तर लेख नक्की. लेख नक्की तर तुझा करारही नक्की. मी काही तुझ्या वाईटाचं सांगतोय का?’

नव्हतेच सांगत. त्यातच तर सगळी पंचाईत होती. सर भला माणूस होता आणि बरोबर बोलत होता. ताई खाली आली, ट्रे मांडला, पाती बसवली, नायट्रोजनचं भांडं उघडलं तसा पांढरा धूर टेबलावरून सांडून फरशीवर पसरला. मासा गुंगीत ट्रेमध्ये पडून होता. ना ठिपके धड, ना निळा रंग धड. धुतलेल्या पाटीसारखा राखाडी, आणि परांच्या कडेला मात्र दोन्ही घरांचं थोडं थोडं. कल्ले सावकाश उघडत होते, मिटत होते. पोट फुगीर. आता माहीत असल्यावर ते इतकं फुगीर दिसत होतं की आपल्याला रोज दिसलं कसं नाही याचंच नवल. पाती पोटाला टेकवायची, मागून पुढे एक रेघ. ताईने ती रेघ आयुष्यात इतक्या वेळा मारली होती की हात झोपेतही मारील. पण हात हलेना. आणि तिला हात का हलत नाही ते कळत होतं, आणि ते कळणं अगदी भयंकर होतं. हातातलं नीट, सरळ, पुरं होणारं काम सोडून हिला दुसऱ्याच कशाच्या तरी मागे धावायचं होतं. फळतात का बघू या! ऐका, ऐका, ऐका! बूट न काढता दारात उभा असलेला माणूस तिच्या आत उभा होता आणि कपाटामागे त्याच्यासाठी जागा तयार होती.

फोन वाजला. आई. येताना दूध आण, एवढंच सांगायला केलेला फोन. ताईने बरं म्हटलं. आईने फोन ठेवला नाही.

‘काय झालंय?’

‘कुठे काय?’

‘आवाज असा का येतोय तुझा?’

‘असा म्हणजे कसा?’

‘बाबांसारखा.’

ताईने पाती ट्रेच्या कडेला ठेवली. इतक्या वर्षांत आईच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं. मामा म्हणायचा, आत्या म्हणायची, आई तेव्हा उठून आत जायची. ‘म्हणजे झालं का माझंही सुरू?’ ताई म्हणाली, आणि ते थट्टेत म्हणायला गेली, पण थट्टा काही जमली नाही.

आई म्हणाली, ‘तो असा बोलायला लागला ना, की मी गॅस बंद करून बाहेर येऊन बसायचे. तुला आठवत नसेल. तू तर खाली लोळत असायचीस. मला त्यातलं कळायचं नाही काही. पण बसायचे.’

‘तू तर ओरडायचीस त्यांच्यावर.’

‘ते तो थांबला की. सुरू झाल्यावर कधी ओरडले मी?’ आईचा आवाज जरा चढला, अगदी तेव्हासारखा. ‘थांबायचा म्हणून राग यायचा मेल्याचा. मला वाटायचं, आता ते डबडं खरंच बोलेल. मी वाट बघत बसायचे आणि हा आपला दुकानातून येऊन झोपून जायचा. दूध विसरू नकोस.’

ताईने फोन ठेवला. पंप गुरगुरत होते. मग तिला रडू आलं, ते येतंय तोवर तिने नायट्रोजनच्या भांड्यावर झाकण टाकलं, आणि डोळे पुसायला वेळ नव्हता म्हणून दंडाला पुसले. ‘ए!’ ती जिन्याकडे तोंड करून ओरडली. ‘टक्केवाल्या! खाली ये, आणि हात धुऊन ये!’

तो आला. तिने त्याच्या हातात कोरडी बशी दिली आणि हलवशील तर याद राख असं बजावलं. मग मासा ओल्या फडक्यात घेतला. पोट कोरडं टिपून घेतलं, कारण पाण्याचा थेंबही आधी पडता कामा नये. अंगठा टेकवला. सकाळी हा अंगठा झोपेत होता, आता तो जागा होता आणि कातडीखालची प्रत्येक गाठ त्याला कळत होती. दाबलं. काही नाही. अजून हलकेच, अजून वरून. आणि मग अंडी आली, एकदोन नाही, ओघळ लागला, पिवळाधमक, चकचकीत, बशीत एकावर एक बसत गेलेला, आणि टक्केवाल्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बशी हललीच. ‘हलवू नकोस म्हटलं ना!’ ‘मी नाही, ती हलतेय!’ दोघंही मूर्खासारखे हसत सुटले. मासा ताज्या पाण्यात सोडला. तो तळाशी कलंडून पडला, मग एक पर हलला, मग दुसरा, आणि तो सावरून उभा राहिला. ताईने निळ्यांच्या टाकीतला एक दांडगा नर काढला, त्याचं पोट दाबलं. दुधासारखे पांढरे थेंब अंड्यांवर पडले. कोंबडीच्या पिसाने ती बशी तिने अलगद ढवळली, भिंत रंगवल्यासारखी नाही, बाळाच्या भुवईवरून बोट फिरवावं तशी. मग पाणी घातलं. पाणी लागलं की त्या थेंबातलं सगळं जागं होतं, आणि मग जे व्हायचं ते होतं किंवा होत नाही.

आता परतीची वाट उरली नव्हती. ही अंडी पांढरी पडली, म्हणजे मेली, की लेख गेला, करार गेला, सरांचा विश्वास गेला, आणि मामाला ते वाक्य एकदाचं पुरं करता येईल. तिने त्यातली थोडी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पिवळा गोळा, त्याच्या एका टोकाला पारदर्शक टोपी. टोपी तशीच. टक्केवाला विचारायचा, ‘झालं?’ ती म्हणायची, ‘गप.’ उन्हं खिडकीतून सरकत टेबलाच्या पायाशी गेली. एक अंडं पांढरं पडलं. मग त्याच्या शेजारचं. ताईने ती चिमट्याने बाजूला काढली. मान अवघडली, डोळ्यात पाणी आलं, ती उठली नाही. तिला जाणवलं की छातीतलं ते फुलणं अजून तसंच आहे. सकाळपासून ते कमी झालंच नव्हतं. ते नुसतंच टिकून होतं, आणि ती त्याच्यासकट बसली होती. आजवर आपण ते इतक्या लवकर दाबून टाकायचो की ते किती टिकतं हे बघायची पाळीच कधी आली नव्हती.

फोन थरथरला. सर. ‘टाकलंस नायट्रोजनमध्ये?’

‘नाही सर. पिळली. फळवायला घातलीत.’

पलीकडे घोषणा. कुठल्या तरी विमानाला उशीर. सरांचा श्वास तिला ऐकू येत होता. ‘तुला कळतंय तू काय केलंस?’ ते म्हणाले. ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट.

‘कळतंय.’

मग, अगदी वेगळ्याच, बारीक झालेल्या आवाजात सर म्हणाले, ‘दिसतंय का काही?’

‘अजून नाही.’

‘फोन लाव तिथे. भिंगाला लाव. मला बघू दे.’

टक्केवाल्याने फोन नळीला टेकवून धरला. चित्र हलू नये म्हणून ताईने त्याचं मनगट धरलं. तिघं एका पिवळ्या गोळ्याकडे बघत राहिले, एक तिकडे विमानतळावरच्या गर्दीत, दोघं इथे पंपांच्या गुरगुरीत. टोपी जरा उंच झाली. ताईला वाटलं आपल्याला भास होतोय. मग टोपीच्या मधोमध एक छाया आली, छायेची रेघ झाली, रेघ खोल गेली, आणि एकाच्या जागी दोन गोल, अंगाला अंग लावून, गुबगुबीत, बसले. ‘थांब, थांब,’ सर ओरडले, ‘नुसतं दोन झालं म्हणून नाही, न फळलेलंही कधी कधी फसवतं, चार होऊ दे!’ ताईने मनगट सोडलं नाही. चहा नाही, हालचाल नाही. फोनमधून एक लहान मूल रडत असल्याचा आवाज आला, कुणीतरी त्याला समजावलं. आणि चार झाले. नीट, सारखे, चौकोनात मांडल्यासारखे चार. शेजारच्या अंड्यात चार. त्याच्या पलीकडच्यात दोन, आणि ते बघता बघता चार. सर तिकडे परक्या लोकांत ‘झाले! झाले!’ म्हणून ओरडत होते, टक्केवाल्याने फोन टाकलाच असता, आणि ताई, जिने लहानपणापासून मोठ्याने कशाचाच आनंद केला नव्हता, तिने दोन्ही हातांनी टेबल बडवलं, इतकं की चिमटा खाली पडला.

श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग सर पुन्हा सर झाले. ‘बरं. आता तरी कापशील? रिकामं का होईना, अंडाशय आहे तोवर काढून ठेवू. हे सगळं ठीक, पण खुणा वाचल्याशिवाय कुणी मानणार नाही. तो मासा उद्यापर्यंत मेला तर काय करशील?’

ताईने बादलीत पाहिलं. राखाडी मासा तळाशी स्थिर होता. पोट आत गेलेलं, कल्ले दमल्यासारखे हलत होते.

‘मेली तर माझ्या कपाळावर लिहा, सर. पण आज मी तिला हात लावणार नाही. महिन्याभराने पोट भरलं तर तेव्हा बघू, आणि नाही भरलं तरी तेव्हाच बघू. कुठे पळून जात नाहीये मी. आज बाळंतीण आहे ती.’

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. टक्केवाला तिच्याकडे बघत होता. फोनमध्ये घोषणा थांबल्या होत्या.

‘तिला काही खायला घातलंस का?’ सरांनी विचारलं.